तिरंदाजाचा तोल कसा तपासायचा: ओळंबा, दोन वजनकाटे आणि एक मोबाइल

"सर, सातव्या एंडनंतर बाण उजवीकडे काहून जाऊन राहिले?"

मागच्या एप्रिलात सकाळी आठच्या सुमारास एका पोट्ट्याने हे विचारलं (एंड म्हणजे सहा बाणांचा एक डाव) आणि मी सवयीने सांगून टाकलं, "साईट दोन क्लिक उजवीकडे घे." साईट म्हणजे धनुष्यावरचं नेम धरायचं साधन. बाण पिवळ्यात, म्हणजे टार्गेटच्या मध्यात आले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच एंडला सगळे बाण डावीकडे. साईट परत जागेवर आणली, तर सातव्या एंडनंतर पुन्हा उजवीकडे. तेव्हा कुठे लक्षात आलं की साईट जागच्या जागी आहे, पोरगंच हलतंय. पण किती हलतंय, कोणत्या बाजूला, कितव्या बाणापासून, हे सांगायला माझ्याजवळ दोन डोळ्यांपलीकडे काहीच नव्हतं.

तेव्हापासून जमवत आणलेल्या चाचण्या इथे क्रमाने लिहितो. प्रयोगशाळेत यासाठी फोर्स प्लेट वापरतात. पायाखालचा दाब कुठे सरकला ते ती सेकंदाला शेकडो वेळा टिपते. आपल्या मैदानावर ती येईल तेव्हा येईल. तोवर हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंवर बरंच काम भागतं.

आधी हिशेब, म्हणजे चाचणी कशासाठी ते कळेल

रिकर्व्हला, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याला, अंतर ७० मीटर, टार्गेट १२२ सेंटिमीटरचं आणि दहाच्या वर्तुळाचा व्यास १२.२ सेंटिमीटर. डोळ्यापासून साईटची पिन साधारण ८५ सेंटिमीटरवर असते असं धरलं, तर ती पिन पाऊण मिलिमीटर सरकली की बाण मध्यापासून सुमारे सहा सेंटिमीटर सरकतो. म्हणजे दहाच्या काठावर. पाऊण मिलिमीटर म्हणजे जवळपास नखाची जाडी.

दुसरा हिशेब पोरांना जास्त धक्का देतो. बाण सेकंदाला ६० मीटरच्या आसपास वेगाने निघाला तर ७० मीटरला त्याला सव्वा सेकंदाच्या आतबाहेर लागतो आणि तेवढ्यात तो निशाणरेषेपासून जवळपास सात मीटर खाली ओढला जातो. हे पडणं आपण धनुष्य वर उचलून भरून काढतो. पण धनुष्य एक अंश उजवीकडे कललं, तर ते भरून काढणंही तेवढंच उजवीकडे कलतं. सात मीटरच्या एका अंशाला बारा सेंटिमीटर. पिन बरोबर पिवळ्यात, क्लिकर (बाण पूर्ण ओढला की टक्‌ वाजणारी पट्टी) वेळेवर, रिलीज (दोरी सोडणं) स्वच्छ, आणि बाण नऊच्या काठावर! कंपाउंडवाल्यांच्या (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) साईटमध्ये पाणसळ असते, त्यामुळे त्यांना कलणं दिसतं. रिकर्व्हला नियमाने पाणसळ लावता येत नाही. त्याची पाणसळ त्याचं शरीर.

तिरंदाज टार्गेटला बाजू देऊन उभा राहतो. माणूस उभा असताना सगळ्यात जास्त हलतो तो पंजा-टाच या दिशेत, कारण घोटा त्याच दिशेला वाकतो. बाजू देऊन उभं राहिल्यावर हीच दिशा टार्गेटची डावी-उजवी होते. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे पंजे उजवीकडे असतात. तो पंजांवर झुकला की धनुष्याचं वरचं टोक उजवीकडे, आणि बाणही. आमच्या पोट्ट्याचं कोडं इथेच अर्धं सुटलं होतं, पण मला ते तेव्हा दिसलं नाही.

"न हलणं" हे ध्येय ठेवू नका. श्वास चालू आहे, हृदय चालू आहे, पोटऱ्या सतत सावरत असतात, त्यामुळे शून्य कधीच येणार नाही. तपासायचं ते एवढंच: हलणं किती आहे, आणि पहिल्या बाणाला शरीर जसं उभं होतं तसंच बहात्तराव्याला, म्हणजे ७० मीटरच्या पूर्ण फेरीतल्या शेवटच्या बाणाला, उभं आहे का. सरळपणापेक्षा मला ही पुनरावृत्ती जास्त महत्त्वाची वाटते. जरा वाकडा पण दर वेळी तितकाच वाकडा उभा राहणारा मुलगा माझ्या मते बरा. कधी सरळ, कधी वाकडा असणाऱ्याची साईट कधीच बसत नाही.

जागा, सामान आणि मोडायचे नाहीत असे नियम

आपल्याकडची जमीन काळी, कपाशीची. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि शूटिंग लाइनवर एकाच माणसाचे दोन पाय वेगळ्या उंचीवर असतात. म्हणून चाचणीसाठी सिमेंटची सपाट पट्टी शोधा. मैदानालगतचा व्हरांडा, पार्किंग, गच्ची, काहीही चालेल. गवंड्याची पाणसळ ठेवून सपाटी बघून घ्या आणि पायांची जागा ऑइल पेंटने आखून ठेवा. खडू दुसऱ्या दिवशी पुसला जातो आणि मग वाद सुरू होतात.

सामान असं: नागपूरच्या इतवारीत मिळतो तो साधा गवंडीकामाचा ओळंबा, काट्याचे दोन वजनकाटे, दोन फळ्या, मोजपट्टी, स्टॉपवॉच, मोबाइलचा स्टँड आणि एक वही. वजनकाटे डिजिटल घेऊ नका. डिजिटल काटा दोन-तीन सेकंदांत आकडा धरून ठेवतो आणि नंतर काय झालं ते सांगतच नाही. आपल्याला हलणारी सुई हवी आहे. स्प्रिंगचे काटे उन्हात थोडे सरकतात, म्हणून दर वेळी शून्यावर आणायचे आणि २० लिटरची भरलेली पाण्याची कॅन आधी एका काट्यावर, मग दुसऱ्यावर ठेवून बघायची. दोन्हीकडे सारखं वजन आलं पाहिजे. अर्ध्या किलोहून जास्त फरक असेल तर काटा बदला.

आता नियम. फुल ड्रॉची, म्हणजे दोरी पूर्ण ओढलेल्या स्थितीतली, प्रत्येक चाचणी बाण लावून, पाच मीटरवरच्या बाण अडवणाऱ्या फोमकडे तोंड करूनच. बाण न लावता ताणलेलं धनुष्य चुकून सुटलं तर लिम्ब (धनुष्याचे वाकणारे हात) फुटतात आणि चेहऱ्यावर येतात. कॅमेरा आणि माणूस कायम शूटिंग लाइनवर किंवा तिच्या मागे, "एकच फोटो काढतो सर" म्हणणाराही. खांदा, कोपर किंवा पाठ दुखत असलेल्या मुलाची त्या दिवशी चाचणी नाही. त्याने आधी फिजिओथेरपिस्टकडे जायचं.

वेळ ठरलेली हवी. मी सकाळी साडेसहाची ठेवतो. मे महिन्यात नऊनंतर इथे जे ऊन असतं त्यात माणसाचा तोल मोजणं म्हणजे त्याने किती पाणी प्यायलं ते मोजणं. तर्री पोहे हाणून आलेल्यांना अर्धा तास बसवायचं.

पहिली पायरी: धनुष्याविना ठेवण

बुटं काढून, टी-शर्ट पाठीला चिकटून बसेल असा घालून मुलाला ओळंब्यामागे उभं करा. दोरी छताच्या हुकाला किंवा खांबाला बांधलेली, भोवरा जमिनीपासून दोन बोटं वर. बाजूने बघताना दोरी घोट्याच्या हाडाच्या जरा पुढे येईल अशी उभं राहायची जागा ठरवा. मग बघा: गुडघा, कमरेचा सांधा, खांद्याचा मध्य, कान. हे सगळं दोरीच्या आसपास असावं. शाळकरी मुलांमध्ये कान दोन-तीन बोटं पुढे गेलेला दिसतो. दप्तर आणि मोबाइल, दोघांची कृपा.

मग पाठीमागून. दोन्ही खांदे एका उंचीवर आहेत का, खांद्याच्या पात्यांची खालची टोकं सारखी आहेत का, कंबर एका बाजूला टेकली आहे का. शेवटी मुलाला गुडघे सरळ ठेवून, हात जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठीकडे बघा. एका बाजूची बरगडी उंच दिसली तर मणका बाजूला वळलेला असण्याची शक्यता असते. असं दिसलं तर पालकांना शांतपणे सांगा आणि अस्थितज्ज्ञांकडे पाठवा. निदान आपण करायचं नाही.

चार-पाच वर्षं खेळलेल्या तिरंदाजात थोडा डावा-उजवा फरक सापडतोच. एकाच बाजूने रोज शंभर-दीडशे वेळा ओढल्यावर दुसरं काय होणार? फोटो काढून तारीख टाका. पुढच्या महिन्यात फरक वाढला का, एवढंच बघायचं.

दुसरी पायरी: धनुष्याविना तोल

हे चटकन उरकतं. हात कमरेवर, डोळे मिटून, प्रत्येकी २० सेकंद, तीन प्रकारे: दोन्ही पाय जुळवून, एका पायावर, आणि एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावून. मग हेच तीन प्रकार जाड फोमच्या तुकड्यावर. चूक मोजायची: डोळे उघडले, हात कमरेवरून सुटले, पाय टेकला किंवा पाऊल पडलं, टाच वा पंजा उचलला, पाय कमरेतून फारच बाहेर गेला, किंवा जागेवर यायला पाच सेकंदांहून जास्त लागले. एका प्रकारात जास्तीत जास्त दहा चुका धरतात. चुकांची बेरीज वहीत.

वेळ असेल तर जमिनीवर तीन रेषांचा वाय काढा. मध्यावर एका पायाने उभं राहून दुसऱ्या पायाचा अंगठा पुढे, मागे-बाहेर आणि मागे-आत जितका लांब नेता येईल तितका न्यायचा. प्रत्येक दिशेला तीन प्रयत्न, त्यातला सगळ्यात लांबचा घ्यायचा. तिन्ही दिशांची बेरीज पायाच्या लांबीच्या तिपटीने भागून शंभराने गुणली की टक्केवारी मिळते, म्हणजे उंच आणि बुटक्या मुलांची तुलना करता येते. पुढच्या दिशेत डाव्या-उजव्यात चार सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर लक्ष द्यावं असं सांगतात. हा आकडा बास्केटबॉल खेळणाऱ्यांच्या अभ्यासातून आलेला आहे, तेव्हा तिरंदाजासाठी तो इशारा समजा, निकाल नव्हे.

एक स्पष्ट सांगतो. या पायरीत पहिला येणारा मुलगा शूटिंग लाइनवर पहिला येईलच असं नाही. माझ्याकडच्या एका मुलीला एका पायावर डोळे मिटून दहा सेकंदही जमत नव्हतं, पण धनुष्य हातात आलं की ती खांबासारखी. ही पायरी घोट्याची जुनी दुखापत आणि कमकुवत बाजू शोधायला चांगली आहे. नेमाबद्दल ती थोडंच सांगते. त्यासाठी पुढची.

तिसरी पायरी: दोन काट्यांवर धनुष्य घेऊन

दोन्ही काटे पायांच्या आखलेल्या जागी ठेवा, प्रत्येक काट्यावर एक पाय. दोन काट्यांची उंची एकच हवी. समोर पाच मीटरवर फोम, काट्यांच्या उंचीइतका वर घेतलेला. मोबाइल जमिनीवर टेकवून दोन्ही तबकड्या दिसतील असा व्हिडिओ लावा. तिरंदाजाने काट्याकडे अजिबात बघायचं नाही. मान खाली गेली की सगळा तोल बदलतो. टप्पे तुम्ही मोठ्याने बोला: "उभा", "उचलला", "अँकर". अँकर म्हणजे ओढणारा हात हनुवटीखाली टेकतो ती जागा. पुढचं क्लिकर स्वतःच बोलतो. त्याचा टक्‌ आवाज व्हिडिओत येतो, त्यामुळे बाण सुटण्याच्या क्षणी सुई कुठे होती ते थांबवून बघता येतं.

पाच बाण. प्रत्येकाचे चार आकडे लिहायचे: नुसतं उभं असताना, धनुष्य उचलल्यावर, क्लिकच्या वेळी, आणि बाण गेल्यानंतर दोन सेकंदांनी. दोन्ही काट्यांची बेरीज दर वेळी शरीर अधिक धनुष्य एवढीच आली पाहिजे. ओढण्याचं वजन कितीही असो, बेरीज वाढत नाही, कारण ते बळ हात आणि धनुष्य यांच्या आतल्या आत आहे. मुलांना हे पटत नाही. "सर, मी तर ४० पौंड ओढून राहिलो ना!" काट्यावर दाखवा, मग पटतं.

आता खरी गंमत. समजा मुलीचं वजन ५२ किलो, स्टॅबिलायझरसह (धनुष्य स्थिर ठेवणारे दांडे) धनुष्य ३ किलो, बेरीज ५५. दोन पायांच्या मध्यांत ४० सेंटिमीटर अंतर. धनुष्य शरीराच्या मध्यापासून ७० सेंटिमीटर पुढे धरलं. तीनला सातदशांशने गुणून चारदशांशने भागा: सव्वापाच. म्हणजे धड ओळंब्यात राहिलं, तर एवढे किलो पुढच्या पायाकडे जातात. पुढे साधारण ३३, मागे २२. ओढणारा हात मागे गेल्याने त्यातलं थोडं परत येतं आणि धनुष्याचा हात लांब झाल्याने थोडं पुन्हा पुढे जातं. ढोबळ चित्र तेच राहतं.

मग फुल ड्रॉला दोन्ही काटे २७-२८ दाखवत असतील तर काय समजायचं? प्रशिक्षक खूश होतात की वाह, बरोबर अर्धं-अर्धं. मीही व्हायचो. पण धनुष्याचं वजन पुढे असताना अर्धं-अर्धं यायला धड मागे झुकावं लागतं. टार्गेटपासून मागे कललेलं हे धड नवख्यांमध्ये सर्रास दिसतं, विशेषतः धनुष्य ताकदीबाहेर जड असेल तर. पाठीच्या कण्याच्या खालच्या भागावर ताण येतो आणि धनुष्याचा खांदा वर चढतो. थोडं मागे सरकणं प्रत्येकात असतंच, आणि पुढच्या पायावर नेमका किती टक्के भार हवा याबद्दल प्रशिक्षकांची मतं वेगळी आहेत, त्या वादात मी पडत नाही. मी बघतो ते क्लिकच्या वेळचे पाच आकडे एकमेकांपासून किती लांब आहेत. एक किलोच्या आत असतील तर मी पुढे जातो. तीन-चार किलोंचा पसारा असेल तर तिथे थांबतो, मग सरासरी कितीही सुंदर असो.

हे झालं की काटे फिरवा. एक फळी दोन्ही पंजांखाली, एक दोन्ही टाचांखाली, प्रत्येक फळीखाली एक काटा. पुन्हा पाच बाण. फळी डुगडुगत असेल तर ही चाचणी करूच नका, पाय घसरून ताणलेलं धनुष्य हातात असताना पडणं परवडत नाही. इथे मिळतो तो पंजा-टाच भार, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे टार्गेटवरची डावी-उजवी याच्याशी बांधलेली आहे. माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी आकडा हाच.

चौथी पायरी: तोच ओळंबा, आता फुल ड्रॉमध्ये

दोन मोबाइल असले तर उत्तम. एक तिरंदाजाच्या छातीसमोर, शूटिंग लाइनच्या रेषेतच, पाच-सहा मीटर बाजूला. दुसरा टार्गेटच्या विरुद्ध बाजूला, तिरंदाजाच्या मागे, म्हणजे ओढणाऱ्या कोपराच्या रेषेत. दोन्ही छातीच्या उंचीवर आणि दोन्हींच्या चौकटीत लोंबणारा ओळंबा हवाच. मोबाइल जरा तिरका बसला तर सगळी मुलं तिरकी दिसतात. ओळंबा असला की खरं काय ते फोटोतच कळतं.

छातीसमोरच्या फोटोत घोट्यांच्या मध्यापासून वर उभी रेषा ओढा. बेंबी आणि गळ्याखालची खोबण त्या रेषेपासून किती सरकली ते बघा. काट्यांनी अर्धं-अर्धं दाखवलं असेल तर खोबण बहुधा मागे सापडेल. दोन्ही खांदे आणि धनुष्याचं मनगट एका रेषेत आहेत का, तेही इथेच. पाठीमागच्या फोटोत धनुष्याची दोन टोकं ओळंब्याशी ताडून बघा. ६८ इंची धनुष्यात वरचं टोक खालच्यापेक्षा तीन सेंटिमीटर बाजूला दिसलं तर तो एक अंश झाला, म्हणजे ७० मीटरवरचे ते बारा सेंटिमीटर.

पहिल्या आणि शेवटच्या एंडचे फोटो एकावर एक ठेवून बघा. मुलाला दहा वेळा "खांदा वर जातोय" सांगण्यापेक्षा हे दोन फोटो पुरतात.

पाचवी पायरी: पिन किती फिरते

लाँग रॉडवर, म्हणजे स्टॅबिलायझरच्या पुढच्या लांब दांड्यावर, लहान लेझर रबराने घट्ट बांधा, कमी शक्तीचा, कुणाच्या डोळ्यावर जाणार नाही अशा बेताने आणि फोमच्या मागे भिंत असेल तरच. पाच मीटरवर फोमच्या बाजूला एक कागद लावून त्यावर ८.७ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. ७० मीटरवरचं दहाचं वर्तुळ पाच मीटरवर एवढंच होतं. अँकरपासून क्लिकपर्यंत लाल ठिपका कसा फिरतो त्याचा व्हिडिओ घ्या, क्लिकपूर्वीचे दोन सेकंद बघा. ठिपका त्या वर्तुळाएवढ्या जागेत फिरतो का, की दुप्पट-तिप्पट? आडवा जास्त की उभा? आडवा असेल तर पंजा-टाच आकडे पुन्हा काढा. उभा असेल तर बहुधा श्वास किंवा धनुष्याचा खांदा दमलेला असतो.

अँकर ते क्लिक किती सेकंद लागले तेही याच व्हिडिओतून लिहून ठेवा. आलटून-पालटून मारण्याच्या सामन्यात एका बाणाला २० सेकंद मिळतात. वेळ पुरतो, पण कधी दोन सेकंद आणि कधी आठ असं धरणाऱ्याचा ठिपका आठव्या सेकंदाला गल्ली सोडून गेलेला असतो. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंडच्या अंतिम फेरीत पंधराच्या पंधरा बाण दहात मारले. तो व्हिडिओ आमची पोरं दहादहादा बघतात. मी त्यांना स्कोअर झाकून फक्त अँकर ते रिलीज वेळ मोजायला लावतो.

सहावी पायरी: डोळे मिटून

पाच मीटरवर, फोमवर टार्गेटचा कागद न लावता. अँकरपर्यंत डोळे उघडे, मग मिटायचे, तीन पर्यंत मनात मोजायचं आणि बाण सोडायचा. प्रशिक्षक खांद्याशी उभा, दुसरं कुणीही जवळ नाही. सहा बाण. दोन सगळ्यात लांबच्या बाणांमधलं अंतर मोजा. डोळे मिटल्यावर तळवे, सांधे आणि कानाचा आतला भागच सांगतात की शरीर कुठे आहे, आणि अंतर फार वाढलं तर तो मुलगा नजरेच्या आधारावर उभा राहतो. असा मुलगा उभ्या वाऱ्यात, टार्गेटवरचा कागद फडफडत असला की गोंधळतो. चौदा वर्षांखालच्यांना ही चाचणी मी धनुष्याऐवजी रबरी पट्टा ताणून करायला लावतो.

सातवी पायरी: दमल्यावर

ताज्या शरीराचे आकडे खोटे नसतात, अपुरे असतात. ४० पौंड म्हणजे १८ किलो. बहात्तर बाणांत १,३०० किलो ओढले जातात, सरावाचे आणि लेट डाउनचे (बाण न सोडता परत सैल केलेले) वेगळे. म्हणून तिसरी आणि चौथी पायरी एकदा सुरुवातीला, आणि मग ७० मीटरच्या दर दोन एंडनंतर करायची. मुलगा लाइनवरून थेट सिमेंटच्या पट्टीवर येतो, दोन बाण मारतो, परत जातो. एकाला तीन मिनिटं लागतात. एका दिवशी दोनच मुलं घ्या, नाहीतर सकाळ संपते. आकडे सरकायला लागले तो बाण क्रमांक लाल शाईने लिहा. पोराला "स्टॅमिना वाढव" सांगून काही होत नाही. "तू ४२व्या बाणापासून पंजावर जातोस" म्हटलं की त्याला काय करायचं ते समजतं.

वही वाचताना

महिन्यातून एकदा पुरे. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात अजिबात नको, कारण आकडा कमी आला की पोरगं रात्रभर तेच घोळवतं. एका मुलाचे आकडे दुसऱ्याला दाखवू नका. पहिले तीन महिने फक्त जमवा, सुधारायला जाऊ नका. त्या तिन्हींची सरासरी ही त्याची स्वतःची पायारेषा, पुढची तुलना तिच्याशीच.

सुधारताना एका वेळी एकच गोष्ट बदला. पायांमधलं अंतर बदललं, स्टॅबिलायझरवर वजन चढवलं आणि धनुष्य दोन पौंडांनी वाढवलं, असं एकाच आठवड्यात केलं तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि मुलं वाढतात! तेरा-चौदाव्या वर्षी सहा महिन्यांत चार-पाच सेंटिमीटर उंची वाढलेल्या मुलाचे आकडे बिघडणारच. उंची दर वेळी वहीत लिहा, म्हणजे तुम्ही त्याच्यावर उगाच ओरडणार नाही. व्हीलचेअरवरून किंवा स्टुलावरून खेळणाऱ्यांसाठी दोन काटे बैठकीच्या डाव्या-उजव्या अर्ध्याखाली फळीने ठेवता येतात, बाकी पद्धत तीच.

तर आमचा पोट्ट्या. त्याचं वजन ५८, धनुष्य ३. पहिल्या एंडला पंजांवर २९, टाचांवर ३२. चौथ्यापर्यंत तसंच. आठव्या एंडला पंजांवर ३६, टाचांवर २५. पाठीमागच्या फोटोत धनुष्याचं वरचं टोक उजवीकडे गेलेलं, बोटभर. पोटऱ्यांचे व्यायाम लावायचे असं मी ठरवलं आणि वही मिटता मिटता त्याच्या पायांकडे बघितलं. नवे कोरे, धावायचे बूट. टाच उंच, तळ गादीसारखा मऊ.

"हे कधी घेतले?"

"मार्चमध्ये सर. मामांनी दिले."

सपाट तळाचे शाळेचे कॅनव्हास घालून पुढच्या दिवशी आला. आठव्या एंडला पंजांवर ३१, टाचांवर ३०. पोटऱ्यांचे व्यायाम तरीही लावले. मामांचे बूट तो आता पळायला घालतो.